न उघडलेलं झाकण

फेब्रुवारी सरत आला की आमच्या सोसायटीमागची टेकडी कुणीतरी पेटवून देतं. कोण पेटवतं हे कधी कळत नाही. दुपारी वाळलेल्या गवतावर एक पिवळी रेघ सरकताना दिसते आणि संध्याकाळपर्यंत निम्मी टेकडी काळी होते. सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे कण असतात. शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात. मी उठून गच्चीवर जातो आणि पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बघतो.

आमचा वॉचमन साळुंखे याला हसतो. "काका, भरलीय टाकी. सकाळीच बघितली मी."

"तू बघितलीस. मी नाही बघितली."

गुडघे दुखत असताना चार जिने चढायचे, सिमेंटचं जड झाकण सरकवायचं, आत वाकून पाणी बघायचं. एकदा बघून भागत नाही. वारा पडेपर्यंत दोनदा तरी जाणं होतं. माझी बायको सुषमा होती तेव्हा ती हसत नसे. जिन्यातला दिवा तेवढा लावून ठेवायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. या सवयीचं कारण माहीत असलेलं दुसरं कुणी या देशात नाही. म्हणून आता हे लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका यंत्रसामग्रीच्या कंपनीनं मला जपानला पाठवलं. तिथे गेलेली आपली माणसं बहुतेक तोक्योत किंवा योकोहामात राहायची. आमच्या वाट्याला मात्र एक कारखाना आला, तोक्योच्या पूर्वेला चिबा प्रांतात, इचिकावा शहराच्याही पुढे गाडीनं दोन तास. कंपनीनं भातखाचरांच्या मधलं एक जुनं लाकडी घर भाड्यानं घेऊन दिलं. वस्ती चौदा घरांची. आमचं धरून पंधरा.

तिथला हिवाळा कोरडा असतो. बर्फ नाही, पाऊस नाही, नुसता वारा. निळ्याभोर आकाशाखालून तो वारा दिवसभर घराच्या फटींतून शीळ घालत राहायचा. हातांच्या बोटांना भेगा पडायच्या. आमची मुलगी मुग्धा तेव्हा सहा वर्षांची. तिच्या केसांत कंगवा घातला की ठिणग्या उडायच्या आणि ती खिदळायची. मला त्या ठिणग्या कधी आवडल्या नाहीत. सगळी वस्ती लाकडाची आणि कागदाची, दोन-तीन घरांवर अजून गवताची छपरं. अशा हवेत शेतकरी बांधांवरचं वाळलेलं गवत जाळतात, म्हणजे किडींची अंडी मरतात आणि वसंतात बांधांवर नवं गवत स्वच्छ फुटतं. वर्षातून एक रविवार त्यासाठी ठरलेला असे, आणि त्या दिवशी गावाचं पथक पंप घेऊन उभं असे.

हे पथक सरकारी नव्हे. शहरातला बंब यायला पाऊण तास लागायचा, म्हणून गावानंच शंभरेक वर्षांपूर्वी उभं केलेलं. त्याला ते शोबोदान म्हणतात. त्यात भात लावणारे, केस कापणारा, स्टेशनवर तिकिटं देणारा, शाळेतले मास्तर. भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं आणि निळा जाड सुती अंगरखा चढवून पंपाच्या खोपटाकडे पळायचं. खोपटात आताच्या इंजिनाच्या पंपाशेजारी हाताचा जुना पंप जपून ठेवला होता. लाकडी चाकांचा, दोन्ही बाजूंनी चार-चार माणसांनी दांडा वरखाली करायचा. पथकप्रमुख कुराता-सान यांच्या आजोबांनी तो ओढला होता. लढाईच्या वर्षांत गावात पुरुषच उरले नव्हते, तेव्हा त्यांच्या आईनं आणि शेजारणींनी तो चालवला. कुराता-सान हे सांगताना दांड्यावर हात फिरवत. दांडा एका जागी झिजून खोलगट झाला होता. "इथे आईचा हात असायचा," ते म्हणाले होते.

कुराता-सान नाशपातीच्या बागा करत. पंचावन्नच्या आसपासचे, ठेंगणे, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे. माझ्या नावाचा उच्चार ते 'साबुनिसु-सान' असा करत आणि प्रत्येक वेळी आधी थोडे थांबत, जणू बांधावरून उडी मारायची आहे.

पथकाला पाणी लागतं ते देवळाजवळच्या जमिनीतल्या टाकीतून. तिच्या कडेनं कालवा जातो, त्याच्यातूनच ती भरते. टाकी बघायची जबाबदारी पथकाची नव्हती, वस्तीची होती. एक लाकडी पाटी घरोघर फिरायची. ज्याच्या दारात पाटी त्याचा तो आठवडा. आठवडा संपला की रविवारी सकाळी टाकीचं लोखंडी झाकण उचलायचं, खुणा केलेला बांबू आत सोडायचा, पाणी कितव्या रेघेपर्यंत आहे ते चिठ्ठीवर लिहून खाली सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा, चिठ्ठी पाटीला लावायची आणि पाटी पुढच्या घराच्या दारात टांगायची. बेल वाजवायची नाही, हाक मारायची नाही. आणि शिक्का मारलेली चिठ्ठी पुढच्यानं तपासून बघायची नाही. तसं करणं म्हणजे शेजाऱ्याला खोटं ठरवणं. वरवर पोरखेळ वाटावा अशी पद्धत, पण तिच्यावर गाव शंभर वर्षं निर्धास्त झोपत होतं.

आम्ही राहायला आलो तेव्हा ही पाटी आम्हाला वगळून जायची. परदेशी माणूस, दोन-चार वर्षांचा पाहुणा. वर्षाच्या सभेत कुराता-साननीच विषय काढला. केशकर्तनवाले ओगावा-सान वस्तीतले विनोदी गृहस्थ. ते म्हणाले, याला चिठ्ठी तरी लिहिता येईल का? मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे आग लागली तर काय करता? गंगेवरून पाणी आणता का?"

मी म्हणालो, "आधी सगळे बघायला जमतात. पाणी नंतर."

सभा हसली. कुराता-सान हसले नाहीत. ते म्हणाले, "याच्या घराला आग लागली तर परदेशी म्हणून आपण पाणी मारणार नाही का? मारणार असू, तर पाणी बघायची पाळीही त्याची."

विषय संपला. पुढच्याच महिन्यात पाटी आमच्या दारात आली. मी तिचा फोटो काढून आईला पाठवला होता. आमच्यानंतरचं घर कुराता-सान यांचं.

आता तो रविवार.

आदल्या आठवड्यात आम्हाला तोक्योतल्या ओजिमाहून फोन आला होता. तिथे एका बँकेत बदलून आलेलं साताऱ्याकडचं कुटुंब राहायचं. त्यांच्या घरी रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं. चार मराठी बायका एकत्र जमायच्या म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट होती. सुषमानं तीळ भाजून लाडू केले होते, पेटीतली काळी चंद्रकळा काढली होती. त्या गावात ती महिनोन्महिने मुग्धाशी आणि माझ्याशी सोडून कुणाशी मराठी बोलत नसे. गाडी तासाला एक. सकाळची चुकली असती तर जेवण चुकलं असतं.

मुग्धाचा एक बूट सापडेना. वारा असा, की दार उघडलं की कॅलेंडरची पानं फडफडायची. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, सहावी रेघ. म्हणजे पूर्ण भरलेली. आदल्या आठवड्याच्या चिठ्ठीवर तेच होतं. खाली माझा गोल शिक्का मारला.

सुषमा साडीच्या निऱ्या धरून उभी होती. "न बघताच लिहिताय?"

"सहा महिने सहावीच रेघ आहे. एका आठवड्यात कुठे जाणार पाणी?"

तिनं निऱ्या खोचल्या. चिठ्ठी वाऱ्यानं उडेल म्हणून मी तिच्या धुण्याच्या दोरीवरचा गुलाबी प्लास्टिकचा चिमटा घेतला आणि चिठ्ठी पाटीला पक्की केली. स्टेशनला जाताना पाटी कुराता-सान यांच्या दारात टांगली. घरात कुणी नव्हतं. ते पहाटेच बांधांवर गेले होते, आणि तो रविवार गवत जाळायचा होता हे मला माहीत होतं. मला माहीत होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

टाकी देवळापाशी. आमच्या घरापासून चालत तीन मिनिटं.

ओजिमातल्या त्या फ्लॅटमध्ये हसणं, वाणाच्या डब्या, पुलाव आणि श्रीखंड. सुषमाचे गाल लाल झाले होते. मी सोफ्यावर बसून बँकवाल्यांशी बोलत होतो आणि आठव्या मजल्याच्या खिडकीची काच वाऱ्यानं गुणगुणत होती. ती काच मला अजून ऐकू येते. जेवून लगेच निघू या, असं मी दोनदा म्हणालो. घाई कसली आहे, असं यजमान म्हणाले, आणि मलाही ते सांगता आलं नाही.

परतीच्या गाडीत, आमचं स्टेशन यायच्या जरा आधी, मुग्धानं काचेला नाक लावलं आणि जपानीत म्हणाली, "धूर." मी म्हणालो, गवत जाळतात आज. पण गवताचा धूर पांढरा आणि जमिनीला धरून असतो. हा पिवळट करडा होता आणि उभा चढत होता.

दुपारी वारा फिरला होता. बांधावरची एक ठिणगी उडून उमे-सान नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या गवती छपरात शिरली. आम्ही पोचलो तेव्हा पंप चालू होता. नळी ताठ होती आणि छपराच्या एका कोपऱ्यावर पाणी पडत होतं. मला वाटलं, सुटलो. आणि तेव्हाच पंपाचा आवाज बदलला. घशात काही अडकलेल्या जनावरासारखा तो घरघरला, मग नुसताच किंचाळू लागला. नळी माझ्या डोळ्यांसमोर चपटी झाली. ओगावा-सान टाकीशी गुडघे टेकून बसले होते. ते ओरडले, "पाणी नाही."

त्या आठवड्यात कालव्याचं पाणी सोडून देऊन त्याची साफसफाई झाली होती. गाळ काढणाऱ्यांनी टाकीच्या तोंडाची फळी काढली आणि परत बसवली नव्हती. टाकीतलं पाणी उलट कालव्यात वाहून गेलं होतं. झाकण उचललं असतं तर कुणालाही कळलं असतं. फळी बसवून पंपानं नदीवरून टाकी भरायला दुपारपर्यंतचा वेळ पुरला असता.

नळ्या जोडत जोडत माणसं खालच्या नदीपर्यंत गेली. मीही एक नळी खांद्यावर घेतली, सुटाबुटात. वीस मिनिटं लागली. तेवढ्यात छप्पर आत बसलं. उमे-सान रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी रजईत बसल्या होत्या. मांडीवर भाताचा विजेचा कुकर होता, धावताना हाताशी तेवढाच आला. रडत नव्हत्या. कुकरची वायर गुंडाळत होत्या.

सोमवारी सकाळी कारखान्यात जायला निघालो तर आमच्या फाटकाच्या सळईला गुलाबी चिमटा लावलेला होता. चिठ्ठी नव्हती. नुसता चिमटा.

पुढच्या रविवारी पंपाच्या खोपटात सभा झाली. मला बोलावलं होतं. मधोमध रॉकेलची शेगडी, तिच्याभोवती सगळे. पाण्याचं काय झालं, असा प्रश्न आला. कुराता-सान उभे राहिले. "पाटी माझ्या दारात होती," ते म्हणाले. "झाकण मी उघडायला हवं होतं."

शाळेतले मास्तर मोरी-सेन्सेई यांनी विचारलं, चिठ्ठी काय सांगत होती? कुराता-सान म्हणाले, "चिठ्ठी मला दिसली नाही. वारा होता."

ते माझ्याकडे बघत नव्हते. कुणीच बघत नव्हतं. मला वाटतं, दोघा-चौघांना कळलं असावं. मी त्यांच्या भिंतीसारख्या पाठीमागे बसलो होतो आणि मनात हिशेब करत होतो: कंपनीला कळलं तर परत पाठवतील, मुग्धाची शाळा, भाड्याचं घर, व्हिसा. माझं जपानी एवढं चांगलं नाही, असंही मी स्वतःला सांगितलं. 'मी बघितलं नाही' हे वाक्य त्या भाषेत मला पहिल्या महिन्यापासून येत होतं.

ते असं का वागले याचा विचार मी पुढे अनेक वर्षं केला. माझ्यावर त्यांचं प्रेम होतं, असं म्हणून मी स्वतःचं समाधान करून घेत असे. आता तसं वाटत नाही. परदेशी माणसाच्या हाती पाटी द्यायला त्यांनी वस्तीला भाग पाडलं होतं. माझी चूक उघडी पडली असती तर पाटी पुन्हा कधी कुणा उपऱ्याच्या दारात गेली नसती. 'पाळीही त्याची' हे वाक्य त्यांनी सभेत म्हटलं होतं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. मी फक्त मोजू दिली.

त्यांनी अंगरख्याची घडी घातली, जुन्या पंपाच्या दांड्यावर ठेवली आणि प्रमुखपद सोडलं. पथकही सोडलं.

इथवर कदाचित मी सहन केलं असतं. पण त्या भागात रिवाज आहे. आगीला जबाबदार असलेला माणूस घरोघर जाऊन माफी मागतो. कुराता-सान वस्तीतल्या प्रत्येक घरी गेले. आमच्याही. काळा कोट घातला होता, हातात कागदात गुंडाळलेला टॉवेल. मी दार उघडलं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले आणि कमरेतून इतके वाकले की मला त्यांच्या मानेमागचा उन्हानं भाजलेला पट्टा दिसला.

"तुमच्या घरालाही धोका झाला असता, साबुनिसु-सान. क्षमा करा."

आणि मीही वाकलो. टॉवेल घेतला. सभ्य माणसानं म्हणायचं ते म्हणालो, काळजी करू नका. मी त्यांना क्षमा केली.

दार लावून वळलो तर सुषमा मागे उभी. चहाचा ट्रे हातात तसाच. ती हलक्या आवाजात म्हणाली, "अजून फाटकापाशी आहेत. जा."

मी बूट शोधू लागलो. बूट समोरच होते. एक घातला, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. फाटकाची कडी वाजली. सुषमानं ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नाही. त्या टॉवेलची घडी मात्र तिनं मोडली नाही. इथे पुण्याच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात, तो अजून कागदातच आहे.

त्या गावात आम्ही आणखी दोन वर्षं राहिलो. उमे-सानना त्यांचा मुलगा शहरात घेऊन गेला, त्या परत आल्या नाहीत. पथकाच्या कवायतीच्या दिवशी कुराता-सान रस्त्याकडे पाठ करून नाशपातीच्या फांद्या छाटत राहायचे. भोंगा वाजला की त्यांचा हात थांबायचा. मी हे पाहिलं आहे. कात्री तशीच हवेत, आणि भोंगा संपला की पुन्हा कच्चकन आवाज. सप्टेंबरात त्यांच्या बागेतली नाशपातीची पेटी आमच्या दारात आधीसारखीच यायची. मुग्धा त्यांना ओजिसान, म्हणजे काका, म्हणायची; तिच्या हनुवटीवरून रस ओघळायचा. मला ते फळ गिळवत नसे. आमची पाळीही येत राहिली. मी झाकण उचलायचो, बांबू सोडायचो, बाहेर काढून पुन्हा सोडायचो. वस्तीत माझ्या काटेकोरपणाचं कौतुक होऊ लागलं.

कुराता-सान गेल्याचं पत्र पुण्याला आलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. शोकपत्र पाठवलं. सुंदर पत्र होतं. त्यात ती गोष्ट नव्हती.

मुग्धा आता इचिकावात राहते, तिथेच नोकरी करते. तिची मुलं माझ्याशी फोनवर बोलताना आधी जपानीत उत्तर देतात, मग आईनं डोळे वटारले की मराठीत. यंदा जानेवारीत तिच्या पत्त्यावर मोरी-सेन्सेईंचं पाकीट आलं. ते आता नव्वदीला टेकलेत. पथकात आठच माणसं उरली आहेत, त्यातली पाच साठीच्या पुढची. वसंतात ते शेजारच्या गावाच्या पथकात विलीन होणार. त्याआधी इतिहासाचं पुस्तक निघायचं आहे. सेन्सेईंनी कच्ची पानं पाठवून मला चार ओळींची आठवण मागितली होती.

मुग्धानं पानांचे फोटो पाठवले आणि फोनवर अर्थ सांगत गेली. पहिला पंप. लढाईतल्या बायका. प्रमुखांची यादी. मग एक फोटो: एका कवायतीच्या दिवशी कुणाचा तरी निळा अंगरखा घातलेला मी, खांद्यावर नळी, खाली ओळ, की वस्तीच्या पाण्याची पाळी निष्ठेनं सांभाळणारे पहिले परदेशी रहिवासी. पुढच्या पानावर आगींचा तक्ता होता. तारीख, घर, कारण, पाणी. उमे-सान यांच्या घरापुढे लिहिलं होतं, प्रमुखांनी पाणी न तपासल्यानं विलंब. आणि प्रमुखांच्या यादीत कुराता-सान यांचं नावच नव्हतं.

"बाबा, काही तरी गोड लिहा," मुग्धा म्हणाली. "मी भाषांतर करते."

मी तिला सगळं सांगितलं. मागे तिच्या घरात धुण्याचं यंत्र चालू होतं. त्याचं फिरणं थांबलं.

मग ती म्हणाली, "कुराता-ओजिसानची नाशपाती मी खात होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी भाषांतर करणार नाही. शब्द अडला तर सांगीन. हात तुमचाच पाहिजे."

चार दिवस लागले. माझी जपानी अक्षरं आता पहिलीतल्या मुलासारखी झाली आहेत. लिहिलं: त्या रविवारी पाळी माझी होती. चिठ्ठी माझी होती, शिक्का माझा होता. मी झाकण उघडलं नव्हतं. कुराता-साननी ती चिठ्ठी काढून टाकली आणि दोष घेतला. त्यांचं नाव यादीत घाला. माझा फोटो काढा.

पाठवून तीन आठवडे झाले आणि या तीन आठवड्यांत इथला वारा सुटला. टेकडी जळली. मी सहा वेळा गच्चीवर गेलो. साळुंखे म्हणाला, काका, टाकीत कुणी पडलंय का?

परवा उत्तर आलं. मोरी-सेन्सेईंनी माझं पत्र आधी कुराता-सान यांच्या पत्नीकडे नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, दुरुस्त केलेलं पान छापून आलं की देव्हाऱ्यात ठेवीन, त्याआधी नको. एवढंच. माझ्यासाठी निरोप नाही. तो असावा अशी अपेक्षा करायचा मला हक्क नाही, तरी मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं.

सोबत तक्त्याचा नवा कागद होता. कारणाच्या रकान्यात माझं नाव, यादीत कुराता-सान यांचं. शेवटचा, पाण्याच्या पातळीचा रकाना तेवढा रिकामा. त्याच्याशेजारी सेन्सेईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, मुग्धानं ते वाचून दाखवलं: तुमच्या चिठ्ठीत सहावी रेघ होती हे कळलं. सकाळी प्रत्यक्षात पाणी कितव्या रेघेपर्यंत होतं, ते कृपया भरून शिक्का मारावा.

तीस वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. सकाळी टाकी पूर्ण रिकामी होती, की अजून थोडं पाणी होतं? त्या थोड्या पाण्यानं उमे-सान यांचं घर वाचलं असतं का? कुणालाच माहीत नाही. त्या सकाळी ते पाणी बघायचं काम जगात एकाच माणसाचं होतं.

शिक्का कपाटात होता, त्या टॉवेलशेजारी. शाईची डबी वाळली होती, पाण्याचा थेंब टाकून ओली केली. रकान्यात मी लिहिलं, 'पाहिले नाही'. त्याखाली शिक्का मारला आणि कागद वाळेपर्यंत त्याच्यावर हात धरून बसलो, कारण खिडकी उघडी होती आणि वारा होता.